मूडल घ्यावं की गूगल क्लासरूम? ६०० पोरं, सगळी मोबाईलवर आणि सांभाळणारा मी एकटा

माणदेशी_मास्तर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात कॉमर्स शिकवतो. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी) टीम येणार म्हणून प्राचार्यांनी फर्मान काढलंय की ह्या टर्मपासून एलएमएस (मूडल, क्लासरूमसारखी शिकवण्याची ऑनलाईन सिस्टीम) पाहिजेच, आणि मी एकदा स्टाफरूमचा प्रिंटर चालू करून दिला होता त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात. आत्ता काय चालतं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ आणि टेस्टला गूगल फॉर्म, पण पोरं एका बाकावर बसून एकच फॉर्म भरतात, एकाचं उत्तर चुकलं की अख्ख्या रांगेचं चुकतं. मला हवंय ते एवढंच, इंटरनलच्या एमसीक्यू टेस्टला प्रत्येकाला वेगळे प्रश्न, नोट्स एका जागी, आणि कोणी काय केलं ह्याची नोंद चार-पाच वर्षांनी मागितली तरी दाखवता आली पाहिजे. निम्मी पोरं वाडीवस्तीवरची, घरी रेंज नाही. बजेट जवळपास शून्य. मेहुणा चाकणला कंपनीत ट्रेनिंग बघतो, तो म्हणतो स्कॉर्म का काय ते चालत नसेल तर घेऊच नका, आणि कोणीतरी कॅनव्हास नावाचं तिसरंच एलएमएस सांगितलं. डोकं फिरलंय, कोणी वापरलं असेल तर सांगा.

सर्व्हरवाला_बाप्या
सर, तुमची पहिली अट वाचली आणि तिथंच उत्तर मिळालं, मूडल. क्वेश्चन बँकेत एका धड्याचे २०० प्रश्न टाकून ठेवायचे आणि टेस्टला सांगायचं ह्यातले कुठलेही २० उचल, मग शेजारी बसलेल्या दोघांचे पेपर जुळायची शक्यता फारच कमी. फॉर्ममध्ये प्रश्नांचा क्रम उलटसुलट होतो पण प्रश्न तेच राहतात, आणि हुशार पोरगं मोठ्यानं उत्तर वाचतंच.

आता कटकट सांगतो. मूडल फुकट आहे म्हणजे कोड फुकट आहे. सर्व्हर, बॅकअप, अपडेट आपलं आपण. मी पहिल्या वर्षी स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट) टाकलं, नोट्स वगैरे झकास चाललं, आणि पहिल्याच टेस्टला ११ च्या ठोक्याला १२० जणांनी एकदम स्टार्ट दाबलं की साईट आडवी. पोरं खूश, मी घामाघूम. नोट्स वाचणं हलकं असतं, क्विझ डेटाबेसवर जड जातं, हे तेव्हा कळलं. नंतर स्वतंत्र व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा आपल्यापुरता राखीव भाग, घेतला आणि ४०-४० च्या बॅचेस केल्या, प्रत्येक बॅचला दहा मिनिटांचं अंतर. अजून एक, क्रॉन नावाचं सर्व्हरवर आपोआप चालणारं काम दर मिनिटाला चालू ठेवायचं असतं, ते बंद असेल तर मेल जात नाहीत, कामं तुंबतात आणि माणूस उगाच मूडलला शिव्या घालतो.

रेंजचं म्हणाल तर मूडलच्या ॲपमध्ये नोट्स आधी उतरवून ठेवता येतात. टेस्टसुद्धा ऑफलाईन सोडवून नंतर सिंक करता येते, पण वेळेची मर्यादा लावली की ते जमत नाही, म्हणजे सरावाला ठीक, इंटरनलला कॉलेजातच बसवा. जाताजाता, मूडल लिहिणारा मार्टिन डुगियामस लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात रेडिओवरून शाळा शिकलाय, पुढं पर्थच्या विद्यापीठात वेबसीटी नावाचं तेव्हाचं एलएमएस सांभाळता सांभाळता ह्यानं स्वतःचं बनवलं, २००२ ला पहिलं व्हर्जन आलं. आपल्या वाडीवरच्या पोरांचं दुखणं त्याला नवीन नसावं.

कॅनव्हास दिसायला देखणं, कोडही खुला आहे, पण सर्व्हरवर रूबी, पोस्टग्रेस, रेडिस अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर, एवढा सगळा संसार एकट्यानं मांडायचा असेल तर शिकवणार कधी?

चहाबिस्किट_मॅडम
बाप्या दादा तुम्ही सर्व्हरवाले, तुम्हाला सोपं वाटतं. आमच्याकडे पण मूडल होतं, ते लावून देणारा मुलगा नोकरी लागून बंगळूरला गेला आणि पासवर्डसकट गेला 😅 वर्षभर कोणी अपडेट केलं नाही, मग एक दिवस साईटवर जुगाराच्या जाहिराती. आता क्लासरूम वापरतो. मान्यता असलेल्या कॉलेजला गूगलचं एज्युकेशनचं बेसिक पॅकेज फुकट मिळतं, सगळ्या संस्थेला मिळून १०० टीबी जागा, मुलांचे आयडी एक्सेलवरून सीएसव्ही (साधी यादीची फाईल) करून एकदम तयार होतात. साठीला आलेले सर पण दोन दिवसात शिकले, हे मूडलमध्ये होईल का सांगा.

फक्त एक करा सर, क्लास स्वतःच्या जीमेलवरून कोणालाही काढू देऊ नका, कॉलेजच्या डोमेनचाच (कॉलेजच्या स्वतःच्या वेबपत्त्याचा) आयडी पाहिजे. नाहीतर सर बदलून गेले की त्यांच्या ड्राइव्हमधलं सगळं त्यांच्याबरोबर, आणि तुम्ही नॅकसमोर काय दाखवणार, स्क्रीनशॉट? आणि हो, फॉर्मचा लॉक मोड (टेस्ट चालू असताना दुसरं काही उघडू न देणारा) ऐकून हुरळू नका, तो शाळेनं दिलेल्या क्रोमबुकवरच चालतो, मुलांच्या मोबाईलवर नाही.

शिफ्ट_बी
मेहुण्याच्या बाजूनं दोन शब्द 😀 मी पण कंपनीतच ट्रेनिंगला आहे. स्कॉर्म म्हणजे एलएमएस नव्हे, बाहेरून बनवून घेतलेला कोर्स कुठल्याही एलएमएसवर चालावा म्हणून ठरवलेली एक पद्धत आहे. आम्हाला ती लागते कारण सेफ्टीचं मॉड्यूल एजन्सी बनवते आणि ऑडिटला दाखवावं लागतं की ह्या कामगारानं ते ह्या तारखेला पूर्ण केलं. तुम्ही स्वतः शिकवताय, स्वतः प्रश्न काढताय, तुम्हाला काय करायचंय ते. शिवाय आम्ही अजून स्कॉर्मच्या १.२ ह्या जुन्या व्हर्जनवर अडकलोय, त्यात कोर्स कुठपर्यंत झाला ते साठवायला ४०९६ अक्षरांचीच जागा असते, मोठा कोर्स असला की माणूस उद्या परत स्लाईड एकवर, आणि शिव्या मला. मूडलमध्ये स्कॉर्म चालतं, त्यामुळे पुढं कधी लागलंच तर अडणार नाही.

माणदेशी_मास्तर
सगळ्यांचे आभार. मॅडम, तुमची जुगाराची गोष्ट वाचून प्राचार्यांचा चेहरा डोळ्यासमोर आला. असं डोक्यात येतंय की नोट्स आणि असाइनमेंट क्लासरूमवर आणि फक्त टेस्ट मूडलवर, ह्यात काही खोट? आणि आमचे जुने पेपर सगळे श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात) टाईप केलेत, मूडलमध्ये पेस्ट केले तर नुसता इंग्रजी कचरा दिसतोय.

सर्व्हरवाला_बाप्या
दोन्ही चालेल, पण पोरांना दोन पासवर्ड देऊ नका, मूडलला गूगलनं लॉगिन जोडता येतं. श्रीलिपीचं आधी युनिकोड (मोबाईलवर, वेबवर सगळीकडे दिसणारं मराठी) करून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, आमच्याकडे एका प्रश्नात 'कर्ज' चं भलतंच झालं होतं. मग नोटपॅडमध्ये गिफ्ट फॉरमॅटमध्ये (मूडलमध्ये प्रश्न एकदम चढवायची साधी पद्धत) लिहा, बरोबर उत्तरापुढं = आणि चुकीच्यापुढं ~, आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं. रिकाम्या जागा भराचे प्रश्न मराठीत टाळा, पोरगं 'किंमत' ला 'किमत' लिहितं आणि मशीन शून्य देतं, मग ६०० जण तुमच्या केबिनबाहेर.

माणदेशी_मास्तर
केबिन कुठली, खुर्ची आहे. ठीक, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची एकच टेस्ट मूडलवर घेऊन बघतो, ४० च्या बॅचनं. सोमवारी हेडक्लार्ककडे डोमेनचा पासवर्ड मागतो.

चहाबिस्किट_मॅडम
डोमेन कोणाच्या नावावर घेतलंय ते आधी विचारा. रिटायर झाले असतील बघा.