फ्लॅश ड्रॉटचा वेग: नकाशात सहारा लाल, नागपूरला दरवर्षी दुष्काळ. चूक कुठे?

वाफसा_नागपूर:
जगभरात फ्लॅश ड्रॉट, म्हणजे काही आठवड्यांत झपाट्याने येणारा दुष्काळ, किती वेगाने येतो ते काढतोय. ईआरए5-लँड या मॉडेलवर आधारित जागतिक डेटासेटमधला मातीच्या वरच्या थराचा ओलावा, 1991 ते 2020. पाच दिवसांचा एक पेंटाड, त्याची सरासरी, मग पर्सेंटाइल (शंभरात कितवा क्रमांक; कमी म्हणजे कोरडं). 40 च्या वरून 20 च्या खाली आला की नोंद. पण नकाशात सहारा लालभडक, म्हणजे सर्वात वेगवान दिसतो आणि नागपूरला दरवर्षी मान्सून माघारी गेला की दुष्काळ लागतो. त्या दिवसांत ओल उतरणारच ना?

काळी_माती:
तुम्ही वर्षभराचे आकडे एकाच रांगेत लावलेत. ऑगस्टच्या तिसऱ्या पेंटाडची तुलना 30 वर्षांतल्या त्याच पेंटाडशी हवी. तसे 30 च आकडे मिळतात आणि पर्सेंटाइल तीन-तीनच्या उड्या मारतो, म्हणून मागचा-पुढचा पेंटाड धरून 90 करा. वर्षात 73 पेंटाड. 29 फेब्रुवारी आली की तो पेंटाड सहा दिवसांचा धरा.

वरचा 7 सेंमीचा थर एकटा कामाचा नाही, एका सरीने भिजतो आणि दोन उन्हांत सुकतो. वरचे तीन थर 7, 21, 72 या वजनांनी मिळवा, मीटरभर मातीची ओल मिळते.

वेग असा काढा. समजा पर्सेंटाइल 62, 47, 41, 31, 22, 14 असे उतरले. 40 च्या वरचा शेवटचा 41, 20 च्या खालचा पहिला 14. तीन पेंटाडांत 27, म्हणजे पेंटाडला 9. सरासरी 5 किंवा जास्त असेल तर फ्लॅश. तेच 41 वरून 19 यायला सात पेंटाड लागले तर 3.1, तो सावकाश येणारा दुष्काळ.

उन्हाची_तिरीप:
सहाराचं कारण वेगळं. तिथे ओल मुळातच इतकी कमी की मिलिमीटरभर फरकानेही पर्सेंटाइल 50 वरून 10 वर येतो. वार्षिक पाऊस भागिले संभाव्य बाष्पीभवन (पाणी भरपूर असतं तर जितकं उडालं असतं तितकं) 0.2 पेक्षा कमी असेल ती जागा गाळा. गोठलेली जमीनही गाळा.

आणि बाष्पीभवन सोबत बघाच. विदर्भात पावसाचा खंड पडला की उघाड, कडक ऊन, कोरडी हवा. माती ओली असेपर्यंत बाष्पीभवन उलट वाढतं आणि ओल भराभर खेचली जाते. नुसती पावसाची तूट पाहिली तर हा वेग दिसतच नाही.

काळी_माती:
हे महत्त्वाचं. शिवारातल्या सेन्सरशी ताळा करणार असाल तर एक धोका आहे. काळी जमीन सुकताना भेगाळते, भेग सेन्सरच्या दांड्यांपाशी उघडली की तो हवेचं माप देतो. आकडा एका दिवसात कोसळतो आणि हुबेहूब फ्लॅश ड्रॉट वाटतो. शंका आली की शेजारची माती काढून 105 अंशांवर 24 तास वाळवा, वजनातली घट घ्या. ती घनफळात बदलताना घनता त्याच दिवशीची घ्या, कारण ही माती आकसते.

कोड तपासायला अमेरिकी मैदानांवरचा 2012 च्या मे ते जुलैमधला फ्लॅश ड्रॉट चालवून बघा. तो सापडला नाही तर पर्सेंटाइल पुन्हा बघा.