ओलवण देशात सावकार हवा की नको?

कोरडवाहू (धागाकर्ता):
गेली दोन वर्षं एका अद्भुत कादंबरीसाठी देश रचतोय. नाव ओलवण. डोंगर, दोन नद्या, भात-नाचणी-जवस. राजा म्हणजे वर्षातून एकदा नांगराचं पहिलं तास काढणारा माणूस, बाकी त्याला कुणी विचारत नाही. जमीन कुणाच्या नावावर नाही, दर सहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून वावरं बदलतात. पेरणीआधी सगळं गाव एकेकाच्या रानात औतं घेऊन जातं. म्हातारा बैल विकत नाहीत. नाणं नाही, देणंघेणं धान्याच्या पायलीनं. माणूस गेला की त्याची राख त्याच्या शेवटच्या वावरात नांगरतात.

एका मित्रानं वाचून विचारलं, "यात सावकार कुठाय?" नाही, आणि मुद्दामच नाही. सावकार, तलाठी, दुष्काळ हे ग्रामीण कादंबरीनं भरपूर लिहून ठेवलंय. कल्पनेतल्या देशातही तेच रडगाणं गायचं, तर देश रचायचा कशाला? तुम्हाला काय वाटतं?

बांधावरची:
सगळ्या गावानं औतं घेऊन एकेकाच्या रानात राबायचं, म्हणजे आपली इर्जिकच. छान घेतलीत, फक्त नाव काढून टाकलंत. आता सांगा, त्या दिवशी औतांबरोबर आलेल्या चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक कोण करतं? आमच्या आजीला इर्जिक म्हटलं की भलरीची गाणी नाही आठवायची, चुलीचा धूर आठवायचा.

आणि ओलवणात बाई नांगर धरते का? आपल्याकडे बाईनं नांगराला हात लावायचा नाही हा दंडक कित्येक गावांत होता, काही ठिकाणी अजून आहे. पेरताना पाभरीच्या चाड्यावर बी सोडणारी मूठ मात्र तिची चालते. या एका विसंगतीत अख्खा समाज दिसतो. तुमच्या देशात अशी एकही विसंगती नाही. पर्यटन खात्याचं कॅलेंडर झालंय ते.

घाटमाथा:
धागाकर्त्याशी सहमत. प्रत्येक कल्पित देशाचा चौकशी अहवाल करायलाच हवा का? थायलंडमध्ये आजही बँकॉकच्या सनम लुआंग मैदानावर राजनांगरणी होते. बैलांपुढे भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि दारू ठेवतात, आणि ते कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचं भाकीत. बैलानं दारू प्यायली तर परदेशी व्यापार वाढणार! प्रत्यक्षात हे चालतं, तर कादंबरीतल्या राजानं एक तास काढलं म्हणून कुणाचं काय बिघडतं?

पाटकरी:
सगळे सावकारावर भांडताय, मला तर पाणीच दिसेना. दोन नद्या म्हणालात, पण पाळी कुणाची आधी?

आमच्या धुळ्याकडच्या पांझरा नदीवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड करायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची वेळही एकच. ऊस फिरत फिरत पुढच्या फडात जातो. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो, त्यामुळे झळ बसली तर सगळ्यांनाच बसते. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचा मोबदला गावाकडून. बाहेरच्याला ही रूढी वाटते. असते ती पाण्याची वाटणी.

बाली बेटावरच्या सुबाकचंही, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवाटप मंडळांचंही, तसंच. पाण्याच्या देवळांच्या वेळापत्रकानं शेजारशेजारची खाचरं एकाच वेळी पडीक राहायची, आणि किडीला खायला काही उरायचं नाही. १९७० च्या दशकात हरितक्रांतीवाल्यांनी सांगितलं, जमेल तितक्यांदा भात लावा. वेळापत्रक मोडलं आणि किडी-रोगांनी भात खाल्ला.

तेव्हा प्रथा लिहिताना ती मोडली तर काय होईल हे आधी लिहा. तुमच्या चिठ्ठ्यांचंच घ्या. सहा वर्षांनी वावर जाणार असेल, तर पाचव्या वर्षी त्यात शेणखत कोण टाकेल? बांधाची फुटलेली ताल कोण घालेल?

कोरडवाहू:
शेणखताचा प्रश्न लागला. त्यावर रात्र जाणार. चुलीचाही मान्य. सावकार मात्र येणार नाही.

वहीखातं:
नाणं नाही म्हणजे कर्ज नाही, हा समज कुणी करून दिला? पेरणीला बी उसनं न्यायचं, सुगीला सवाई-दिढीनं फेडायचं. एका रुपयाशिवाय माणूस बुडतो की. तुमच्या पायलीतच सावकार बसलाय, तुम्ही फक्त त्याला पागोटं घातलेलं नाही.

उलट त्याच्यामुळे चांगली प्रथा मिळेल. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख त्यांच्या कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. कागद जळाला पाहिजे! बाबिलोनच्या अम्मीसदुका राजाचं धान्याची कर्जं रद्द करणारं फर्मान तर मातीच्या पाटीवर आजही वाचता येतं. तुमच्या राजाला तसंही काम नाही. दर बारा वर्षांनी त्याच्या हातून कर्जखतांची होळी करा.

बांधावरची:
आणि अकराव्या वर्षी कर्ज कोण देईल? यहुद्यांत सातव्या वर्षी कर्जमाफीचा नियम होता. ते वर्ष जवळ आलं की लोक हात आखडते घ्यायचे आणि गरिबाला दारोदार फिरावं लागायचं. शेवटी हिलेल या धर्मगुरूनं 'प्रोझबुल' नावाची कागदी पळवाट काढली, म्हणजे कर्ज बुडणार नाही आणि मिळतही राहील. माफी गरिबासाठी होती, पळवाटही त्याच्यासाठीच काढावी लागली.

घाटमाथा:
झालं! आता ओलवणात वकीलही आले. मला तो बैल म्हातारा होऊन झाडाखाली बसलेला वाचायचा होता हो.

वहीखातं:
बैल बसू द्या. त्याचा कडबा कुणाच्या गंजीतला, एवढंच सांगा.

कोरडवाहू:
काल रात्री पहिली चाळीस पानं बाजूला ठेवली. कादंबरी आता अकराव्या वर्षी सुरू होते. मृग कोरडा गेलाय, दुबार पेरणी आहे, आणि बी एकाच घरात आहे. त्या घरातल्या बाईला सावकार म्हणायचं की नाही, ते लिहिता लिहिता बघू. तिला नांगर धरायला लावणार, एवढं ठरलंय. घाटमाथा, बैल ठेवलाय. राखेची प्रथाही सोडत नाही, कुणी काहीही म्हणा.

पाटकरी:
राख नांगरून वाया का घालवता? वांग्यावर टाका, मावा आटोक्यात राहतो.