टायर घासतोय म्हणून फेंडरची कड वळवताना: अनुभव धागा

रुंद टायर, मोठे अलॉय किंवा खाली बसवणाऱ्या स्प्रिंग. यातलं काहीही केलं की चार माणसं बसल्यावर मागचं चाक स्पीडब्रेकरवर 'खर्रर' करतं आणि लगेच कोणीतरी सल्ला देतं, "कड वळवून घे." म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची (फेंडरची) आत आलेली कड वर दाबून सपाट करायची. हे काम ज्यांनी स्वतः केलंय किंवा समोर उभं राहून करून घेतलंय, त्यांनी इथे लिहावं. 'मस्त झालं' एवढ्यावर थांबू नका. किती जागा मिळाली, रंगाचं काय झालं, कुठे अडलं, ते सांगा.

पाना_दहाचा
आधी घासतंय कुठे ते बघा. अर्धी कामं इथेच चुकतात. कडेच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप लावा, टायरच्या खांद्यावर खडू फिरवा, मागे तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊन दोन-चार स्पीडब्रेकर तिरके घ्या. टेप फाटली तर कड दोषी. टेप शाबूत आणि खडूची खूण आतल्या प्लास्टिक लायनरवर असेल, तर कड वळवून काहीही मिळणार नाही. पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर घासतं ते बहुतेक वेळा लायनरला नाहीतर मडफ्लॅपला. तिथे लायनरचा स्क्रू सरकवून तो मागे ओढणं किंवा हीट गनने दाबणं पुरतं.

मागची स्प्रिंग बसलेली असेल तर ती आधी बदला. मऊ पडलेल्या स्प्रिंगसाठी पत्रा वाकवायचा, हे म्हणजे पाय सुजला म्हणून चप्पल कापण्यासारखं.

तापलेला_पत्रा
कामाची रीत सविस्तर लिहितो, कारण चुका रोलरच्या (चाकाच्या जागी बसवून दांड्याने कड दाबायचं हत्यार) नाहीत, घाईच्या असतात.

गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना ठोकळे, मागून जॅकने उचलून घोडीवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर हे काम करू नये, कारण दांडा ओढताना गाडी हलते. चाक काढून रोलरची थाळी हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) नटांनी घट्ट करा. गाडी उचललेली असताना हब खाली गेलेला असतो, त्यामुळे रोलरचा दांडा ज्या गोलाईत फिरतो ती कमानीच्या गोलाईशी जुळत नाही. मध्ये दाब कमी आणि टोकांना जास्त पडतो, नाहीतर उलट. यावर उपाय म्हणजे दुसरा जॅक मागच्या बीमखाली (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) लावून हब नेहमीच्या उंचीला आणायचा. गाडीचं वजन मात्र घोडीवरच राहू द्या.

कड आतून धुऊन पुसून कोरडी करा. चिकटलेल्या मातीतला एक खडा रोलरखाली आला की बाहेरच्या पत्र्यावर टेंगूळ उठतं.

मग उष्णता. कडेचा 15–20 सेंमीचा एक टप्पा घ्या, हीट गन 10–15 सेंमी लांबून सतत फिरवत ठेवा, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून. बाहेरच्या रंगाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने 55–60 अंशांच्या आसपास येऊ द्या. थंड रंग काचेसारखा तडकतो. फार तापवला तर, विशेषतः आधी रिपेंट केलेल्या पॅनेलवर, क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) फुगतो. 'हाताला चटका बसेल इतकं' हे माप कामाचं नाही, थर्मामीटर घ्या.

कड एका दमात सपाट करू नका. पहिल्या फेरीत ती 30 अंशांपर्यंतच झुकवा, दुसऱ्या फेरीत 60 पर्यंत, मग गरज असेल तर पुढे. प्रत्येक फेरीआधी पत्रा पुन्हा तापवा, रोलरचा दाब स्क्रूच्या पाव ते अर्ध्या वळणाने वाढवा आणि दांडा सावकाश पुढे-मागे फिरवा. रोलरचा कोन चुकला की कडेऐवजी कमानच बाहेर ढकलली जाते आणि बाजूने बघितल्यावर लाट दिसते. ती लाट सहजासहजी परत येत नाही. दर फेरीनंतर दहा पावलं मागे जाऊन उजेडाच्या तिरिपीत बघा.

घासणं 45 अंशांवरच थांबलं तर तिथेच थांबा. पूर्ण दाबलेल्या कडेमागे चिखल अडकून बसतो.

फायदा किती? कड 15 ते 20 मिमी आत आलेली असेल तर पूर्ण दाबल्यावर साधारण 10 ते 15 मिमी सुटतात, तेही फक्त कडेच्या रेषेत. वर आत लायनर लागत असेल तर त्याला याचा उपयोग नाही.

चुना_आणि_खडू
दादा, बंपर जिथे कमानीला मिळतो तिथे काय करता? रोलर तिथवर पोचतच नाही.

तापलेला_पत्रा
बरोबर, शेवटचे चार-पाच सेंमी राहतात. तिथला बंपरचा स्क्रू काढून प्लास्टिकचं टोक बाजूला करा, पत्रा तापवून नायलॉनच्या हातोडीने हळू दाबा, मागे डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून. टायर फाडतो तो बऱ्याचदा तिथला पत्र्याचा कान किंवा स्क्रूचं टोकच. आखूड स्क्रू लावला तरी अर्धा प्रश्न सुटतो.

रंगकाम_कोल्हापूर
गाडीची बाजू आधी ठोकून रंगवलेली असेल तर थांबा. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, पुट्टीवर रंगवलेला भाग त्याच्या कित्येक पट. जाडी मोजायचं यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक कमानीवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. पुट्टी वाकत नाही, खपलीसारखी सुटते. अशा गाडीला कड वळवून मग रंगवणं, हाच क्रम. उलट करणाऱ्याला दोनदा पैसे मोजावे लागतात.

बोल्टवाली_गाडी
पोलो, व्हेंटो वगैरेंना हबवर स्टड (नट बसवायचे कायमचे आटे) नसतात, बोल्ट असतात. रोलर मागवताना थाळीला 5×100 ची भोकं (100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच) आहेत का आणि बोल्ट पुरेसे लांब आहेत का ते बघा. स्विफ्ट, बलेनोला 4×100 आणि नट. काम झाल्यावर चाक टॉर्क रेंचनेच घट्ट करा: पोलोला 120 न्यूटन मीटर, बाकींना गाडीच्या पुस्तिकेत दिलं असेल तेवढं. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

मांडवीकाठ
गोव्यात आणि कोकणात रंगापेक्षा गंज मोठा. मागच्या कमानीत बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि मध्ये सीलर (फट बुजवणारा लेप) असतो. कड वाकली की सीलर आतून चिरतो. बाहेरून रंग अखंड दिसतो, पण पाणी केशिकेसारखं त्या फटीत चढतं आणि एक-दोन पावसाळ्यांत कमानीवर फोड उठतात. पुढचा फेंडर बोल्टने बसवलेला, एकेरी पत्र्याचा. तो बिघडला तर बदलता येतो. मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) कापूनच बदलावा लागतो, म्हणून काळजी मागे घ्या.

वळवल्यावर कड पूर्ण वाळवा, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर पीयू (पॉलीयुरेथेन) सीम सीलरची सलग पट्टी, मग रंग आणि शेवटी कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण). पीयू सीलर हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे दमट हवा त्याला चालते. चालत नाही ती सांध्यात अडकलेली ओल. नुसतं काळं अंडरकोटिंग मारून देणाऱ्याला नाही म्हणा. त्याखाली गंज दिसेनासा होतो, थांबत नाही.

ईटी_पस्तीस
चाक घेण्याआधी पाच मिनिटं गणित करा, मग हा धागा वाचायची वेळ येत नाही. मूळ चाक 6 इंच रुंद, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं मिमीमधलं अंतर; ते कमी तितकं चाक बाहेर) 45. नवीन 7 इंच, ऑफसेट 35. रुंदी एका इंचाने वाढली, म्हणजे दोन्हीकडे 12.7 मिमी. ऑफसेट 10 ने कमी, म्हणून बाहेर 22.7 मिमी आणि आत फक्त 2.7. तेच 7 इंची चाक ऑफसेट 45 चं घेतलं असतं तर दोन्हीकडे 12.7. मात्र आत स्ट्रटपर्यंत (शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबापर्यंत) तेवढी जागा आहे का ते मोजून घ्या. कड वळवून मिळणारे 10–15 मिमी ऑफसेटच्या चुकीपुढे कमी पडतात.

पुढे थोडंच घासत असेल तर स्ट्रटला कॅम्बर बोल्ट (चाकाचा उभा कल बदलणारा) लावून बघा. एक अंश निगेटिव्ह कॅम्बरने टायरचा वरचा भाग साधारण 5 मिमी आत जातो. मागे बीम अॅक्सल असलेल्या गाड्यांना ही सोय नाही.

श्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत वळवलेली कड दिसली की तपासणीवाले कागद मागतात. चाक-टायरचा बदल टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून नोंदवावा लागतो. चाकाच्या मध्यापासून 30 अंश पुढे आणि 50 अंश मागे एवढा टायरचा भाग झाकलेला हवा. तपासताना गाडीची तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं उंच ठोकळ्यांवर चढवून ती पिळतात आणि कुठे लागतं ते बघतात. ही चाचणी कुठेही करता येते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी ठोकळ्यांवर चढवा. कड वळवण्याआधी एकदा, नंतर एकदा.

पाना_दहाचा
नेक्सॉन, ब्रेझासारख्या काळ्या प्लास्टिक पट्टीच्या गाड्यांबद्दल: पट्टीच्या क्लिपा कमानीच्या कडेतच अडकलेल्या असतात. पट्टी न काढता रोलर फिरवला तर क्लिपा तुटतात, काढून फिरवला तर भोकं वाकडी होऊन पट्टी नीट बसत नाही. अशा गाडीला हे काम करू नका. टायर एक माप अरुंद घ्या.