जुन्या डिशवॉशरच्या पंपाचं सील: मापं कशी घ्यायची?

१९७० च्या दशकातला डिशवॉशर दुरुस्त करतोय, मदत हवी आहे. मोटर नुसती गुणगुणत होती. वीज तोडून शाफ्ट (मोटरचा फिरता दांडा) हाताने फिरवून मोकळा केला, आता छान चालते. पण पाणी भरलं की पंपाखाली, शाफ्टपाशीच थेंब थेंब गळतं. पाइप आणि दाराचं रबर तपासलं, तिथे कोरडं आहे. शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील उघडलं तर त्यातल्या कार्बनच्या रिंगला चीर. समोरची सिरॅमिक रिंग गुळगुळीत, शाफ्टवर गंज नाही. पार्ट नंबरचं लेबल गेलंय. पंप मूळचाच ठेवायचाय, आणि सिलिकोन फासून भागवायचं नाही, फिरत्या भागावर ते टिकत नाही. मापावरून सील घेताना शाफ्ट आणि सीटच्या (सिरॅमिक रिंग बसते ती खाच) व्यासाबरोबर रिंगा एकमेकींवर दाबणाऱ्या स्प्रिंगची उंची मोकळी मोजायची की बसवल्यावर दबते तेवढी? आणि नुसता कार्बन बदलावा की दोन्ही रिंगा?