‘आपली मंडळी’ ग्रुप: ताईचा टॅक्स

आत्या: अण्णा, विनू, कोणीतरी बोला. ताई रात्रभर झोपलेली नाही. दुबईच्या पगारावर इथे टॅक्स भरायचा म्हणे. पोरांना गणित शिकवायला गेलीय ती, सोन्याचा धंदा करायला नाही.

अण्णाकाका: दुबईत टॅक्स नाही. 🙏

विनूदादा (सीए): आत्या, आगाऊ कर भरून टाका असं मार्चमध्येच म्हटलं होतं. नोकरीसाठी परदेशी गेलेल्याचे त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस मोजतात. १ एप्रिलपासून १८२ भरले की तो निवासी. मग पगार कुठेही मिळो, इथे दाखवायचा. ताई २ ऑक्टोबरला गेली. १८५ झाले.

बंड्या: पहिलं तिकीट २४ सप्टेंबरचं होतं ना?

आत्या: होतं.

बंड्या: म्हणजे १७७. सुटली असती की!

वहिनी: 🤐

अण्णाकाका: दुबईत टॅक्स नाही. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा १२ वर्षं तिथे आहे, एक पैसा भरत नाही.

विनूदादा (सीए): काका, तो १२ वर्षं तिथे आहे. ताई त्या वर्षी सहाच महिने होती.

आत्या: कोणाच्या पंच्याहत्तरीसाठी तिकीट बदललं ते मी इथे काढत नाही.

अण्णाकाका: काढलंस की. मी कोणालाही थांबा म्हटलं नव्हतं. ‘सगळे आलेच पाहिजेत’ हा मेसेज कोणाचा होता, वर जाऊन बघा.

बंड्या: बघितला. आत्याचा. रात्री ११:४०. 😄

आत्या: बंड्या, तू तुझं काम कर.

अण्णाकाका: आणि दोन देशांत करार आहे. दुबईत टॅक्स नाही.

विनूदादा (सीए): आहे करार. पण त्यात तिथला रहिवासी ठरायला कॅलेंडर वर्षात तिथे १८३ दिवस लागतात. डिसेंबरअखेर ताईचे ९१ झाले होते. तिथे भरलेल्या कराची इथे वजावट मिळते, पण तिने तिथे भरलंय काय?

ताई (दुबई): दादा, आता तास आहे, पटकन सांग. नेहमीचा एक नंबरचा फॉर्म भरू ना?

विनूदादा (सीए): अजिबात नाही. आयटीआर दोन. तिथलं पगाराचं खातं परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखव. लपवलं तर १० लाखांचा दंड आहे. २० लाखांच्या आतल्या खात्याला तो आता लागत नाही, तरी दाखवायचंच. ३१ जुलैच्या आत. आणि इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घे, ते जातानाच करायला हवं होतं.

ताई (दुबई): आणि फ्लॅटचं भाडं?

विनूदादा (सीए): ते इथलं उत्पन्न, दरवर्षी दाखवायचं. यंदापासून तू अनिवासी, त्यामुळे भाडेकरूने एप्रिलपासून ३० टक्के आणि वर सेस कापून सरकारात भरायला हवा.

आत्या: भाडेकरू म्हणजे वहिनीचा भाऊच की. कापतोय का तो?

वहिनी: आत्या, तो वेळेवर भाडं देतो. बाकीचं त्याला कोणी सांगितलंच नाही. घरातच सीए आहे म्हणतात.

विनूदादा (सीए): मी बोलतो त्याच्याशी.

वहिनी: घरी बोला.

अण्णाकाका: दुबईत टॅक्

अण्णाकाका: हा मेसेज डिलीट केला आहे

अण्णाकाका: विनू, एकूण किती बसेल तिला? मला वेगळा फोन कर.

आत्या: अण्णा, तसं काही म्हणायचं नव्हतं मला.

अण्णाकाका: ठीक आहे. 🙏

बंड्या: आत्या, पुढच्या महिन्यात तुझी सत्तरी ना? हॉल बघू का?

आत्या: काही नको. ताईने तर यायचंच नाही.

विनूदादा (सीए): अगं, सुट्टीत दोन महिने राहिली तरी काही होत नाही. १८२ फार लांब आहेत.

आत्या: तू मला हे कागदावर लिहून दे, सही करून.