मॉडच्या ग्राफचं व्हर्टेक्स कसं काढायचं? (अकरावी)

तासगावकर_सायन्स:
दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, आता अकरावीला सांगलीत सगळं इंग्लिशमधनं चाललंय त्यामुळे हे मॉड्युलस फंक्शन डोक्यावरनं जातंय. वाय = −२|३एक्स + १२| + ५ याचं व्हर्टेक्स (ग्राफचं टोक) काढायचंय. फॉर्म्युला वाय = ए|एक्स − एच| + के असा दिलाय, मग एच = −१२ यायला पाहिजे ना? मागं उत्तर (−४, ५) आहे. छपाईत चुकलंय का? आणि पॅराबोलाचं −बी/२ए इथं चालतंय का?

कराडचा_गडी:
उत्तर बरोबर हाय. मॉडच्या आतलं शून्य कर, ३एक्स + १२ = ०, एक्स = −४, तिथं मॉड गेला की वाय ५ उरतोय. विषय संपला.

मिरज_गणित:
बरोबर आहे, पण का ते नाही कळलं तर पुढच्या गणितात परत अडशील. फॉर्म्युल्यात एक्सच्या मागं काहीच नाही, तुझ्याकडं ३ आहे, तो आधी बाहेर काढ. |३एक्स + १२| म्हणजे ३|एक्स + ४|, म्हणून वाय = −६|एक्स + ४| + ५, आता एच दिसला, −४. मॉड म्हणजे अंतर, |एक्स + ४| म्हणजे एक्स −४ पासून किती लांब आहे ते, एवढं डोक्यात ठेव. साताऱ्यातनं कोल्हापूरच्या एसटीत बसलास तर कराडपासूनचं अंतर कमी कमी होत जातं, कराड स्टँडला शून्य, आणि तिथनं पुढं लगेच वाढायला लागतं, म्हणून ग्राफ गोल वळत नाही, टोकच येतं. −६ मुळं तो व्ही उलटा झालाय, डावीकडनं ६ च्या स्लोपनं चढतो आणि उजवीकडं −६ नं उतरतो, म्हणजे ५ ही मॅक्सिमम व्हॅल्यू. −बी/२ए विसर, ते क्वाड्रॅटिकचं. डेरिव्हेटिव्ह (ग्राफचा त्या बिंदूपाशी असलेला स्लोप) शून्य करूनही इथं काही हाती लागत नाही, टोकाला डेरिव्हेटिव्हच नसतो (हे पुढं येणारच आहे). चेक करायचं तर एक्सला −३ आणि −५ टाक, दोन्हीला वाय −१ आला पाहिजे.

तासगावकर_सायन्स:
आला सर −१! मग |एक्स − २| + |एक्स − ८| असे दोन मॉड असले तर व्हर्टेक्स २ ला का ८ ला?

कराडचा_गडी:
दोन्हीकडं कोपरा येतोय लका. २ आणि ८ च्या मधी कुठं बी उभा राहा, दोन्ही अंतरं मिळून ६ च भरत्यात, म्हणून (२, ६) पासनं (८, ६) पर्यंत आडवी रेघ, एकच असं टोक नाहीच. बाहेर दोन्ही बाजूला २ च्या स्टीपनेसनं वर.

मिरज_गणित:
आता त्यात |एक्स − ५| मिळव. सपाट तळ जातो आणि सगळ्यात खाली (५, ६) ला टोक येतं, २ आणि ८ चे कोपरे मात्र राहतात. जिओजेब्रात (ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर) टाकलं की लगेच दिसेल, पण आधी वहीत काढ.