बर्फाखाली गेलेल्या आर्गो फ्लोटची जागा कशी धरायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातला एक आर्गो फ्लोट (समुद्रात आपोआप वरखाली करत मोजमाप घेणारं यंत्र) घेतलाय आणि आठवडा झाला एकाच ठिकाणी अडकलेय.

फ्लोटचं काम असं, १००० मीटरवर वाहत राहायचं, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जाऊन तापमान, क्षारता मोजत वर यायचं आणि वर आलं की सॅटेलाइटवरून डेटा पाठवायचा. पण हिवाळ्यात वरचं पाणी उणे १.८ अंश सेल्सियसच्या आसपास लागलं की डोक्यावर बर्फ असणार असं धरून तो वर यायचं रद्द करतो, प्रोफाइल (त्या फेरीत खोलीनुसार मोजलेले आकडे) मेमरीत ठेवतो आणि बर्फ सुटला की सगळे एकदम पाठवतो. आकडे मिळतात हो, पण जीपीएस नाही.

माझ्या फाइलमध्ये त्या महिन्यांना पोझिशनचा क्यूसी फ्लॅग (आकडा किती भरवशाचा ते सांगणारा कोड) ८ आहे, म्हणजे दोन खऱ्या जागांमधली अंदाजाने भरलेली जागा. नकाशावर टाकलं तर सरळ रेघ येते आणि ती माऊड राइज या समुद्राखालच्या डोंगरावरून जाते, तेही जिथं समुद्राची खोली २००० मीटरपेक्षा कमी आहे तिथून! आणि प्रोफाइल तर पूर्ण २००० पर्यंत आहेत. म्हणजे फ्लोट तिथं नव्हताच ना?

हे सोडून देता येत नाही कारण डोंगराच्या माथ्यावरचं पाणी थंड आणि कडेनं गरम पाण्याचं कडं असतं, आणि २०१७ ला बर्फात मोठं भगदाड, पोलिन्या, पडलं ते इथंच. जागा चुकली तर सगळा अर्थच उलटा. आमच्याकडं पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका हे पोरासोरांना पाठ असतं, पण पाणी मोजायची पट्टी एका जागी रोवलेली आहे म्हणून त्या आकड्याला अर्थ.

तिथला प्रवाह बराचसा तळाच्या उंचसखलपणाला धरून वाहतो म्हणून सरळ रेघेऐवजी समान खोलीच्या रेषेनं जागा भरायचा विचार आहे. कुणी असं केलंय का? पायथनमध्ये कुठून सुरुवात करू? आणि चूक किती किलोमीटर धरायची? वेडेलमध्ये आवाज सोडणारी यंत्रं बसवलीत, त्यावरून काही फ्लोटना जागा कळते, पण माझ्या फ्लोटला ती सोय नाही.

हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये (समुद्राची माहिती देणारी संस्था) किंवा गोव्याच्या एनसीपीओआरमध्ये (ध्रुवीय संशोधनाची संस्था) काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, पुढच्या सोमवारी सरांना नकाशा दाखवायचाय.